मज्जातंतूची जखम भरूनही वेदना टिकून आहे : सल्ला हवा

विचारणा :
वडिलांच्या हाताच्या मज्जातंतूला इजा होऊन बराच काळ लोटला. जखम भरली आहे, तरी तळहाताची आग होते आणि सदऱ्याची बाही नुसती घासली तरी ते कळवळतात. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांनी उतार पडत नाही. ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे कोणी म्हटले की ते बोलणेच थांबवतात. ही वेदना कशामुळे टिकते आणि तज्ज्ञांना कोणत्या उपचारांविषयी विचारावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ :
वेदना खरी आहे, हे आधी वडिलांना निःसंदिग्धपणे सांगा. इजा झालेला मज्जातंतू विनाकारण संदेश पाठवत राहतो आणि त्या अखंड माऱ्याने मज्जारज्जूतील चेतापेशींच्या एनएमडीए ग्राहींमधला (संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनांमधला) मॅग्नेशियमचा अडसर दूर होऊन त्या इतक्या संवेदनशील होतात, की साधा स्पर्शही वेदना म्हणून मेंदूकडे जातो. इजेनंतर मज्जारज्जूचीच उत्तेजनक्षमता वाढते, हे वेदनेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते वेदनेचे संदेश दाबणाऱ्या यंत्रणेचा आवर सुटणे. प्राण्यांवरील पुढच्या प्रयोगांत असे दिसले, की मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींनी सोडलेल्या बीडीएनएफ या प्रथिनामुळे चेतापेशींना क्लोराइड नीट बाहेर टाकता येत नाही आणि त्यामुळे ‘गाबा’ या संदेशद्रव्याचा शमनकारी परिणाम क्षीण होतो. सूज कमी करणाऱ्या गोळ्या या बिघाडापर्यंत फारशा पोहोचत नाहीत.

प्रतिसाद २ :
यात मेंदूचीही भर असते. मस्तिष्कस्तंभातून (मेंदूच्या तळाच्या भागातून) मज्जारज्जूकडे खाली येणारे मार्ग एरवी वेदना दाबतात; दीर्घ वेदनेत ते दुबळे होतात, काही तर ती वाढवतात. ड्युलॉक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलीन ही नैराश्यावरची औषधे संदेशद्रव्य असलेल्या नॉरअ‍ॅड्रेनालिनची उपलब्धता वाढवून दाबणाऱ्या मार्गांना बळ देतात, म्हणून ती नैराश्य नसतानाही दिली जातात. वडिलांचा गैरसमज होऊ नये यासाठी हे आधीच समजावून सांगावे. गॅबापेन्टिन व प्रीगॅबालिन ही औषधे चेतापेशींतील कॅल्शियम मार्गिकांच्या (कॅल्शियम आत येण्याच्या वाटांच्या) एका घटकाला चिकटून संदेशद्रव्यांचा स्राव घटवतात. हृदयविकार, काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण औषधाची निवड आणि मात्रा त्यावर ठरते. स्पर्शाची सवय हळूहळू करून देणाऱ्या भौतिकोपचाराविषयीही विचारावे.

विचारणा :
आभारी आहे. आराम पडल्यावर गोळ्या लगेच थांबवता येतील का?

प्रतिसाद २ :
एकदम थांबवू नयेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी. सुरुवातीला गुंगी किंवा चक्कर येऊ शकते, त्यामुळे रात्री उठताना कोणीतरी सोबत असावे.