रेडिओवरच्या जुन्या थरारनाट्यांसारखी कथा: कागदावर ताण टिकत नाही

कानसेन:
'सस्पेन्स', 'इनर सँक्टम' या अमेरिकी मालिकांच्या धाटणीची दोन-अडीच हजार शब्दांची कथा लिहितोय. संवाद जमतात, पण 'दार करकरलं' लिहिलं की भीतीऐवजी हसू येतं. शिवाय शेवट वाचकाला आधीच कळतो. काय करावं?

निशाचर:
दार करकरलं तर करकरू दे, पण त्या आवाजाला कथेत काहीतरी काम हवं. ल्युसिल फ्लेचर यांचं 'सॉरी, राँग नंबर' हे रेडिओनाटक (१९४३) ऐका. फोनच्या लायनी एकमेकींत गुंततात आणि अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या कानावर खुनाचा बेत पडतो: सव्वाअकराला पुलावरून आगगाडी जाईल, त्या खडखडाटात किंकाळी दबेल. म्हणजे गाडीचा अर्थ सुरुवातीलाच सांगून ठेवलाय. शेवटी ती आली की वेगळं वर्णन लागत नाही. तुमच्या दाराचंही तसंच करा. आधी बिनमहत्त्वाचं करकरणं, मग त्याचा अर्थ, आणि नंतर ते नको त्या वेळी. दर खेपेला एक वाक्य, फार तर दोन.

आणि 'अरे, तुझ्या हातात पिस्तूल आहे!' छापाचे संवाद आधी उडवा. श्रोत्याला दिसत नाही म्हणून रेडिओला ते लागतात. कथेत 'ते खाली ठेव. आधी बोलू,' एवढं पुरतं.

अर्धविराम:
शेवट आधी कळण्याला मी दोष मानत नाही. (पुढे रहस्यभेद आहे.) त्याच नाटकात बळी तीच बाई आहे हे श्रोत्याला तिच्याआधी उमगतं. मग उरतं एवढंच, की तिला कधी कळणार? बहुतेक कथा फसतात त्या मध्यावर, कारण पात्र नुसतं घाबरत बसतं. ही बाई ऑपरेटर, पोलीस, हॉस्पिटल असे फोन लावत सुटते आणि दर फोनला सुटकेची एक वाट बंद होते, तीही पटण्याजोग्या कारणाने. पोलिसांना नाव-पत्ता हवा, तो तिच्याकडे नाही. अडीच हजार शब्दांत अशा तीन वाटा पुरेत. चौथीला तोचतोचपणा येतो.

कानसेन:
पण आज मोबाईल असताना?

अर्धविराम:
बॅटरी संपवू नका, ती पळवाट झाली. फोन चालू ठेवा, समोरच्याचा विश्वास बसू देऊ नका.