वेब नकाशावर लष्करी चिन्हं: निळा आयत, लाल चौकट आणि घरबसले सेनापती

खुणेचा_दगड

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं टंकतो. जगात कुठेही लढाई पेटली की दोन दिवसांत वेबवर तिचे नकाशे येतात, आणि हल्ली त्यावर साध्या टाचण्या नसतात, थेट लष्करी चिन्हं असतात. निळा आयत, त्याच्या पोटात फुली म्हणजे पायदळ, लंबगोल म्हणजे रणगाडे, टिंब म्हणजे तोफखाना. आयताच्या डोक्यावर दोन उभ्या रेघा असल्या की बटालियन, एक फुली ब्रिगेड, दोन फुल्या डिव्हिजन. शत्रू असेल तर पत्त्यातल्या चौकटसारखा लाल आकार, तटस्थ असेल तर हिरवा चौरस, आणि कोण आहे तेच माहीत नसेल तर किलवरला चौथं पान फुटल्यासारखं काहीतरी पिवळं. अमेरिकेचं मिल-स्टँडर्ड २५२५ आणि नाटोचं एपीपी-६ या चिन्हांच्या नियमपुस्तकांतली ही चिन्हं, दोन्ही बऱ्यापैकी सारखीच.

तर माझं म्हणणं असं की सर्वसामान्य वाचकासाठी असलेल्या वेब नकाशावर ही चिन्हं टाकूच नयेत. गुपित आहे म्हणून नाही, चिन्हांचं पुस्तक उघडच आहे, कुणीही उतरवून घ्यावं. माझा आक्षेप वेगळा आहे. कुणीतरी एक बारा सेकंदांचा व्हिडिओ बघतो, त्यातल्या गाडीवरच्या खुणेवरून अंदाज बांधतो की अमुक ब्रिगेड अमुक गावाकडे असावी, आणि हे "असावी" नकाशावर चढताना गळून पडतं. राहतो फक्त ठसठशीत आयत, ना तारीख, ना खात्री किती ते. परवा असाच एक नकाशा झूम करत गेलो तर आयत आपला एका शेडच्या पत्र्यावर बरोब्बर मधोमध बसलेला. अहो ब्रिगेड म्हणजे तीन-चार हजार माणसं, ती कित्येक किलोमीटरवर पसरलेली असतात, एका पत्र्यावर कशी मावतील? पण बघणाऱ्याला वाटतं की एवढं नेमकं दाखवलंय म्हणजे यांना पक्कं माहीत असणार. टाचणी टाकली असती तर तोच माणूस म्हणाला असता, ठीक आहे, कुणीतरी टाचणी टाकलीय.

आणि दुसरं, निळा कुणाचा? निळा म्हणजे "आपले". तिसऱ्याच देशात बसून नकाशा करणाऱ्याचे "आपले" कोण?

प्रोजेक्शन_बिघडलेला

साफ असहमत. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

तुम्ही जे म्हणताय ना की तारीख नाही, खात्री किती ते कळत नाही, त्याची सोय या चिन्हातच केलेली आहे. चौकटीच्या, म्हणजे चिन्हाच्या बाहेरच्या आकाराच्या, भोवती माहिती लिहायच्या जागा ठरलेल्या असतात आणि प्रत्येक जागेला अक्षर असतं. डब्ल्यू म्हणजे तारीख-वेळ. 'जे' हे अक्षर म्हणजे मूल्यमापन, त्यात एक अक्षर आणि एक आकडा, अक्षर सांगतं की बातमी देणारा किती भरवशाचा, ए ते एफ, आणि आकडा सांगतो की बातमी स्वतः किती पक्की, १ ते ६. ए-१ म्हणजे माणूस खात्रीचा आणि बातमीला दुजोरा मिळालेला. एफ-६ म्हणजे माणसाबद्दलही सांगता येत नाही आणि बातमीबद्दलही. तुमचा तो बारा सेकंदांचा व्हिडिओवाला प्रामाणिक असता तर त्याने एफ-३ वगैरे लिहिलं असतं आणि विषय संपला असता. शिवाय तुकडी अजून तिथे पोचलेली नाही, नुसती अपेक्षित आहे, तर चौकट तुटक रेघेची काढायची. हे सगळं टाचणीत कुठून आणणार? टाचणीला लाल, निळा, पिवळा यापलीकडे बोलता येत नाही.

मिलसिम्बल नावाची मुक्त जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार प्रोग्रामचा संच) आहे, चिन्हाचा ठरलेला आकडी कोड दिला की ती ब्राउझरमध्येच चिन्ह काढून देते, लीफलेट, ओपनलेयर्स, सीझियम अशा वेब नकाशाच्या कुठल्याही साधनावर चालते. तिला तारीख आणि मूल्यमापन पाठवायला प्रोग्रामच्या फार तर दोन ओळी जास्त लागतात. लोक त्या लिहीत नाहीत कारण चिन्हाशेजारी मजकूर आला की नकाशा "गिचमिड दिसतो". मग दोष चिन्हाचा की आळशाचा?

खुणेचा_दगड

@प्रोजेक्शन, जागा आहे हे मान्य. पण वाचणारा कोण? एफ-६ बघून तुम्हाला कळेल, मला आता कळलं, बाकीच्या हजार लोकांना ते तुकडीचं नाव वाटेल. लष्करात हे चिन्ह वाचणारा ते शिकून आलेला असतो. इथे आपण भाषा देतोय आणि तिचं व्याकरण घरीच विसरतोय.

तिसरी_टेकडी

या क्षेत्रात नोकरी झालीय माझी, फार खोलात जाणार नाही. दोन गोष्टी सांगतो.

आमच्या वेळेला नकाशावर पारदर्शक शीट टाकायची आणि ग्रीस पेन्सिलीने चिन्हं काढायची. बातमी बदलली की अंगठ्यानेच पुसायचं, दिवसाच्या शेवटी अंगठा निळा-लाल झालेला असायचा आणि पॅन्टलाही डाग. कुठलंही चिन्ह हे तासाभराचं पाहुणं आहे हे सांगायला लागायचं नाही, हाताला माहीत असायचं, थोडं फिसकटलेलं दिसलं की ते जुनं. स्क्रीनवरचं चिन्ह तीन महिन्यांनीसुद्धा तितकंच कोरं करकरीत दिसतं. दगडसाहेबांना जे खुपतंय ते मला वाटतं हे आहे.

रंगाबद्दल म्हणाल तर सोव्हिएत पद्धतीत स्वतःचं सैन्य लाल आणि शत्रू निळा असायचा, बरोबर उलटं. म्हणजे एकाच लढाईचे दोन बाजूंचे नकाशे शेजारी ठेवले तर दोघांच्याही मते समोरचा चुकीच्या रंगाचा. बघणारा कुठे उभा आहे त्यावर रंग ठरतो, तेव्हा बाहेरच्याने निळा-लाल केलं की त्याने बाजू घेतलीच, मग खाली कितीही "आम्ही निःपक्ष" लिहा.

प्रोजेक्शन_बिघडलेला

टेकडीकाका, फिसकटलेलं चिन्ह हा मुद्दा भारी आहे, हे खरंच करता येईल. बातमीची तारीख जुनी होत गेली की चिन्ह फिकट करत न्यायचं, चोवीस तासांनी अर्धं, आठवड्याने जेमतेम दिसेल एवढं. पण त्यासाठी आधी तारीख डेटात भरलेली पाहिजे, म्हणजे फिरून तिथेच आलो.

रंगाचं मात्र पटलं नाही. चौकटीचा आकारही बाजू सांगतो, नुसता रंग नाही, काळ्या-पांढऱ्या छपाईतही चिन्ह कळावं आणि रंगांधळ्यालाही कळावं म्हणून ते तसं आहे.

खुणेचा_दगड

अहो मग तर आणखीच वाईट की! रंग बदलून सुटकाही नाही. लाल काढून जांभळा केला तरी तो पत्त्यातल्या चौकटसारखा आकार म्हणतो "शत्रू".

प्रोजेक्शन_बिघडलेला

हम्म. हे लक्षात नव्हतं आलं.

बंद_लेयर

तुम्ही सगळे दिसणाऱ्या गोष्टींवर भांडताय, मला न दिसणाऱ्यांची जास्त भीती वाटते. आधीच्या नोकरीत एका सरावाचा वेब नकाशा तपासायला माझ्याकडे आला होता, कुणाचा ते सोडा. वर सगळं सोज्वळ, चार-पाच चिन्हं, पॉपअपमध्ये फक्त तुकडीचं नाव. सवयीने ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडली, नेटवर्कच्या टॅबमध्ये नकाशाचा डेटा असलेली जीओजेसन फाइल दिसली, ती उघडली तर आत चाळीसेक तुकड्या. उरलेल्या "बंद" लेयरमध्ये, म्हणजे नकाशाच्या न दाखवलेल्या थरात, होत्या म्हणे. आणि प्रत्येकीला शेरा नावाचा एक कॉलम, त्यात कुणाचा तरी मोबाइल नंबर, "इंधन गुरुवारी येणार", "साहेब रजेवर" असलं काय काय लिहिलेलं. बनवणाऱ्याला दाखवलं तर तो म्हणे, पण तो लेयर तर मी ऑफ केलाय! अरे बाबा, लेयर ऑफ केला म्हणजे पडदा ओढलास, सामान तर पाहुण्याच्या घरी पोचलं ना. जे दाखवायचं नाही ते सर्व्हरवरून निघताच कामा नये.

लष्करी चिन्हांच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं कारण नुसता चिन्हाचा कोडच फार बोलका असतो. तुकडी कसली, केवढी, मुख्यालय आहे का, खरी की हूल, सगळं त्या वीस आकड्यांत. साध्या टाचणीची फाइल फुटली तर नुसती जागा कळते.

म्हणून माझं मत, सार्वजनिक नकाशावर नको. दगडांशी सहमत, पण कारण वेगळं.

आडवी_रेघ

@बंद_लेयर, मुद्दा बरोबर पण त्याचा चिन्हांशी काय संबंध? जानेवारी २०१८ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या अॅपच्या हीटमॅपचा गाजावाजा झाला तो आठवा. त्या नकाशावर एकही लष्करी चिन्ह नव्हतं. लोक व्यायामाला पळाले, घड्याळाने नोंद केली, कंपनीने सगळ्या नोंदी एकत्र करून नकाशा टाकला आणि अफगाणिस्तान, सीरियातल्या काळ्याकुट्ट भागात तळांच्या भोवती पळायचे रस्ते दिव्यासारखे उजळले. तिथे कुठे निळा आयत होता? फुटणारी माहिती फुटतेच, चिन्ह काढा नाहीतर बदाम काढा.

उलट मी म्हणते की चिन्हं हवीतच. मी इतिहास शिकवते, वॉटर्लूच्या नकाशावर "इथे सैन्य होतं" असं लिहून मुलांना काही कळत नाही. पायदळ कुठे, घोडदळ कुठे हे चिन्हाने एका नजरेत दिसतं. पायदळाची फुली म्हणजे जुन्या शिपायांच्या छातीवरचे आडवे-तिडवे पट्टे आणि घोडदळाची एकच तिरकी रेघ म्हणजे तलवारीचा पट्टा, हे एकदा सांगितलं की पोरं विसरत नाहीत. आता १८१५ च्या लढाईला नाटोचं चिन्ह लावणं म्हणजे पेशव्यांच्या हातात मोबाइल देण्यासारखं आहे हे माहितीय, हलके घ्या.

खुणेचा_दगड

@आडवी_रेघ, ताई, दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईला माझी काहीच हरकत नाही, तिथे कुठली तुकडी कुठे होती यावर लोकांनी आयुष्यं घालवलीयत. मी चालू लढाईबद्दल बोलतोय, जिथे काल काय झालं हेच नक्की नसतं.

तिसरी_टेकडी

बंद_लेयर यांनी मुख्यालयाचा विषय काढला म्हणून आठवलं. मुख्यालयाच्या चिन्हाला डाव्या कोपऱ्यातून खाली काठी असते, झेंड्यासारखी. मुख्यालय झेंड्यात नसतं, काठीच्या टोकाशी असतं. वेबवरच्या निम्म्या नकाशांत मला काठी कुठेतरी हवेत टोचलेली दिसते. कुणी सांगेल का हे असं का होतं?

प्रोजेक्शन_बिघडलेला

काका, हे पाप मीही केलंय म्हणून सांगू शकतो. आयकॉन नकाशावर ठेवताना आपण सांगतो की चित्राचा अमुक बिंदू त्या अक्षांश-रेखांशावर टेकव. लोक सरसकट चित्राचा मध्य देतात. आता साधा आयत असेल तर चालून जातं, पण शेजारी तुकडीचं नाव छापलं की चित्र रुंद होतं आणि मध्य सरकतो. माझ्या नकाशात एका तुकडीचं नाव लांबलचक होतं, ते उजवीकडे छापलं गेलं आणि आयत डावीकडे सरकून थेट नदीत. दोन दिवस मी अक्षांश-रेखांश तपासत बसलो, ते बरोबरच होते! लायब्ररी स्वतःच सांगते की टेकवायचा बिंदू कुठला, गेट-अँकर म्हणून फंक्शन आहे, काठी असेल तर काठीचं टोक देते. ते न वापरता मध्य दिला की झेंडा एकीकडे आणि साहेब दुसरीकडे.

खुणेचा_दगड

बघा, म्हणजे तुमच्यासारख्या जाणकाराचीही ब्रिगेड नदीत बुडाली, आणि वाचणाऱ्याने तेवढ्यावरून "नदी ओलांडली" अशी बातमी केली असती.

प्रोजेक्शन_बिघडलेला

बटालियन होती. पण हो.

बरं, मी एक पायरी खाली येतो. चालू लढाईच्या सार्वजनिक नकाशावर चिन्ह टाकायचं तर तारीख आणि मूल्यमापन छापल्याशिवाय टाकू नये, आणि एका ठरावीक झूमच्या पुढे चिन्ह गायब करून तिथे नुसता धूसर पट्टा दाखवावा, म्हणजे पत्र्यावर ब्रिगेड बसणार नाही. एफ-६ असं न लिहिता सरळ "खात्री नाही" लिहावं. आता?

खुणेचा_दगड

पट्टा दाखवायचाच आहे तर सुरुवातीपासून पट्टाच दाखवा की, चिन्हाचा हट्ट कशाला? आणि निळ्याचं उत्तर अजून आलं नाहीये. तरी झूमचं पटलं, तेवढं जरी लोकांनी केलं तरी मी अर्धी तक्रार मागे घेईन.

नवशिक्या_निरीक्षक

मोठ्या लोकांच्या भांडणात मध्येच येतोय, माफी असावी. माझ्या एक्सेलच्या यादीत सगळ्या तुकड्यांचे कोड आहेत, पॅरा (हवाई छत्रीने उतरणारं) पायदळ टाकलं होतं तर नकाशावर नुसतं साधं पायदळ येतंय. लायब्ररी बिघडली का?

बंद_लेयर

कोड किती अंकी आहे? आणि एक्सेलमध्ये त्या कॉलमवर क्लिक करून शेवटचे आकडे बघा बरं.

नवशिक्या_निरीक्षक

वीस. शेवटचे पाचही शून्य दिसतायत?? मी तर असे भरले नव्हते, सगळ्याच ओळींत झालंय.

बंद_लेयर

तेच. २०१४ च्या आवृत्तीपासून अमेरिकन कोड वीस आकडी झाला, त्याआधी पंधरा अक्षरी होता तेव्हा ही भानगड नव्हती. एक्सेलला वाटतं हा आकडा आहे, आणि ते पंधराच आकडे लक्षात ठेवतं, पुढचे शून्य करून टाकतं. पॅरा, पहाडी असली जादा खूण शेवटच्या चार आकड्यांत असते, ती पुसली गेली. जावास्क्रिप्टमध्येही कोड नंबर म्हणून ठेवलात तर शेवटी हीच गत. कॉलम आधी टेक्स्ट करा, मग कोड पुन्हा भरा. जुने परत येणार नाहीत.

नवशिक्या_निरीक्षक

केलं. पॅरा आले! बाकी दीडशे ओळी आता हाताने भरतोय.

खुणेचा_दगड

भरताय तसं तारखेचाही एक कॉलम टाका.