घराच्या विम्याचा क्लेम निम्माच मंजूर झालाय, सल्लागार नेमावा का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

विम्यातलं कळणारं कुणी असेल तर सल्ला हवाय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही चार दिवस बाहेर होतो. परत येऊन दार उघडलं तर पावलं बुडतील एवढं पाणी. ओट्यामागचा पाइप भिंतीच्या आत फुटला होता. लाकडी फ्लोअरिंग कडेने उचललंय, ओट्याखालच्या कपाटांची दारं फुगून लागत नाहीत, पलीकडच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत ओली. त्याच दिवशी कंपनीला कळवलं, क्लेम नंबर मिळाला.

दोन दिवसांनी सर्व्हेअर आले. वीसेक मिनिटं थांबले असतील. भिंतीवर एक जुना पिवळट डाग आहे, खिडकीतून पाऊस आत यायचा तेव्हाचा. फ्लोअरिंगचे दोन फोटो काढले आणि त्या डागाचे चार! तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

आता ऑफर आलीय, माझ्या अंदाजपत्रकाच्या निम्म्याहून कमी. भिंत आणि फ्लोअरिंगपुढे शेरा: 'दीर्घकाळची गळती, वेअर अँड टेअर, देय नाही'. कपाटांवर 50 टक्के डेप्रिसिएशन, म्हणजे जुनी झाली म्हणून किमतीत कपात. सोबत डिस्चार्ज व्हाउचर (ही रक्कम मान्य आहे असं लिहून देण्याचा कागद), सही करून पाठवा म्हणून.

ओळखीतून एक क्लेम सल्लागार भेटले. म्हणतात, सगळं माझ्यावर सोडा, मिळेल त्या रकमेचे 20 टक्के द्या, करार आजच करून टाकू. ही 'आजच'ची घाई मला खटकतेय. नवरा म्हणतो, मिळतंय ते घे आणि सुटका करून घे. माझ्या काही ते गळी उतरत नाहीये. असा माणूस नेमावा, थेट वकील गाठावा, की आपणच भांडावं?

प्रतिसाद: आधी त्या व्हाउचरवर सही करू नका. 'फुल अँड फायनल' लिहिलेलं असेल तर नंतर भांडणं अवघड होऊन बसू शकतं. पैशांची निकड असेल तर उरलेल्या मागणीचा हक्क राखून ही रक्कम घेता येईल का, ते कंपनीला लेखी विचारा.

प्रतिसाद: आमच्या आगीच्या क्लेममध्ये असाच सल्लागार घेतला होता. माणूस कामाचा होता, खोटं कशाला बोलू. पण टक्केवारी पूर्ण रकमेवर होती, म्हणजे कंपनीने आधीच देऊ केलेल्या पैशांतलाही वाटा तो घेऊन गेला. वाढवून आणलेल्या रकमेवरच फी, असं करारात लिहून घ्या. आणि चेक तुमच्याच नावाने आला पाहिजे.

प्रतिसाद: मी बरीच वर्षं नुकसानीचे अंदाज काढायचं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर.

ताई, तुमची ऑफर नेमकी कुठे कापली गेलीय ते आधी वेगळं काढा. 'जुनी गळती' हा वाद कारणाचा आहे. अचानक फुटलेल्या पाइपने झालेलं नुकसान पॉलिसीत बहुधा बसतं, झिरपून झिरपून झालेलं बसत नाही. इथे सल्लागाराच्या गोड बोलण्याचा उपयोग नाही. ठरावीक फी घेऊन पाहणी करणारा, लेखी अहवाल देणारा इंजिनिअर हवा. फी टक्केवारीत नसली की त्याच्या अहवालाला वजनही येतं.

मोजमाप आणि दर कमी धरलेत, हा वेगळा वाद. तिथे विमाधारकाच्या बाजूने काम करणारा लॉस अॅसेसर खरंच उपयोगी पडतो. अशा कामाला परवाना लागतो का ते तपासा आणि लागत असेल तर नंबर मागा. वकील तेव्हा, जेव्हा तक्रारी करूनही कंपनी हलत नाही किंवा कलमाच्या अर्थावरच घोडं अडलंय.

डेप्रिसिएशनचं उत्तर पॉलिसीतच आहे. नवीन वस्तूच्या किमतीने भरपाई लिहिली असेल तर भांडा. बाजारमूल्याने असेल तर कपात होणारच, दर तेवढा वाजवी आहे का ते पाहा. आणि विमा कमी रकमेचा काढला असेल व पॉलिसीत तसं कलम असेल तर अॅव्हरेज लागतो, म्हणजे भरपाई त्याच प्रमाणात कापतात: घर पुन्हा उभं करायला 100 लागतात, विमा 75 चा, तर 20 च्या नुकसानीला 15 च मिळतात. हे गणित जगातला कुठलाही सल्लागार बदलून देणार नाही. तो 'देतो' म्हणाला तर तिथूनच उठा.

आज एवढंच करा: सर्व्हे रिपोर्टची प्रत आणि नाकारलेल्या प्रत्येक बाबीसाठी कलमाचा क्रमांक लेखी मागा. आणि मुख्य म्हणजे, तो फुटका पाइप कुठाय?

धागाकर्ती: बापरे, तुम्ही विचारलंत म्हणून! प्लंबरला फोन केला, तुकडा त्याच्या भंगाराच्या पोत्यात होता. धावत जाऊन आणला. बोटभर लांब सरळ चीर आहे, कडा अगदी चकचकीत. फोटो टाकू का?

प्रतिसाद: इथे नको, इंजिनिअरला दाखवा. जुनी गळती असती तर चिरेभोवती गंज किंवा क्षारांचा पांढरा थर दिसण्याची शक्यता जास्त. तुकडा पिशवीत घालून तारीख टाका, प्लंबरकडून दोन ओळी लिहून घ्या. पाण्याला मीटर असेल तर जुनी रीडिंगही काढा.

धागाकर्ती: रीडिंग मिळाली! सहा महिने जवळपास सारखंच आणि आम्ही नव्हतो त्याच आठवड्यात एकदम उडी. इंजिनिअर शनिवारी येतोय. सल्लागारांना तूर्तास थांबायला सांगितलंय, ते जरा रुसलेत. एक शेवटचं: भिंत वाळवायला पंखे लावले तर पुरावा जाईल का?

प्रतिसाद: फोटो काढा, कंपनीला मेल टाका आणि खुशाल वाळवा. नुकसान वाढू न देणं ही तुमचीच जबाबदारी असते. बुरशी चढली तर तेच तुमच्यावर उलटवतील. फक्त उचकटलेल्या फळ्या शनिवारपर्यंत टाकू नका.