'कॅलिब्रेशन' : अंशांकन की अंशशोधन?

प्रश्न : अणुभट्टीतून निघणाऱ्या प्रतिन्यूट्रिनो या भाररहित सूक्ष्म कणांविषयी लिहिताना द्रव सिंटिलेटर (कण आदळला की उजळणारा द्रव) असलेल्या शोधकाच्या (डिटेक्टरच्या) 'कॅलिब्रेशन'ला, म्हणजे त्याची मोजणी ज्ञात मूल्यांशी ताडून बसवण्याला, काय म्हणावे? अंशांकन, अंशशोधन आणि प्रमाणीकरण हे तिन्ही शब्द वाचनात येतात.

उत्तर : 'प्रमाणीकरण' वगळावे, त्याला दर्जाचा आणि प्रमाणपत्राचा वास आहे. 'अंशांकन' म्हणजे अंश आखणे, म्हणजे कोऱ्या तापमापीवर खुणा करण्यासाठी तो शब्द चपखल आहे. इथले काम मात्र निराळे आहे. चीनमधील दाया बे प्रयोगात 8 शोधक होते आणि प्रत्येकात गॅडोलिनियम हे मूलद्रव्य मिसळलेला 20 टन सिंटिलेटर होता. झाकणावरील तीन स्वयंचलित यंत्रणा ठरावीक काळाने किरणोत्सारी स्रोत आत सोडत. जर्मेनियम-68 पासून 1.022 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जा मिळे, तर कोबाल्ट-60 च्या दोन गॅमा किरणांची मिळून सुमारे 2.5. ऊर्जा दुप्पट झाली की प्रकाशही नेमका दुप्पट झाला असता, तर एवढ्या दोन खुणांवर भागले असते. पण मंद इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचा बराच भाग प्रकाश न होताच विरतो, वेगवान इलेक्ट्रॉन थोडा चेरेन्कोव्ह प्रकाशही (द्रवातील प्रकाशापेक्षा वेगाने जाणाऱ्या कणाचा उजेड) देतात, आणि गॅमा किरण आपली ऊर्जा अनेक इलेक्ट्रॉनांत वाटत असल्याने तेवढ्याच ऊर्जेच्या एकट्या इलेक्ट्रॉनपेक्षा त्याचा उजेड कमी पडतो. प्रतिन्यूट्रिनोची खूण तर पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धनभारित प्रतिकण, देतो. म्हणजे गॅमा स्रोतांवरून पॉझिट्रॉनचा हिशेब बसवायचा. शिवाय मध्यावर आणि कडेला एकाच ऊर्जेचा प्रकाश सारखा मोजला जात नाही. हे सगळे शोधावे लागते, म्हणून माझे मत 'अंशशोधन'.

प्रतिसाद : मत पटते, पण एक भेद राखावा. भट्ट्यांजवळच्या आणि दूरच्या शोधकांची तुलना करूनच दाया बेने 2012 मध्ये थीटा-13 हा मिश्रणकोन (न्यूट्रिनोंचे प्रकार एकमेकांत किती मिसळतात ते सांगणारी राशी) मोजला, आणि त्यासाठी मोलाचे होते ते तेव्हा चालू असलेल्या सहाही शोधकांचे एकमत. त्याला मी सरळ 'जुळवणी' म्हणेन. चीनमधल्याच जूनो या न्यूट्रिनो प्रयोगात सिंटिलेटरचा 20,000 टनांचा एकच प्रचंड गोल असल्याने तिथे केंद्राबाहेरही स्रोत फिरवावा लागतो. तिथे 'अंशशोधन'च हवे.

उत्तर : मान्य. मात्र 'शोधकाचे अंशशोधन' कानाला खटकते. त्या वाक्यापुरते 'शोधक'ऐवजी 'अभिज्ञातक' घ्यावे, हे बरे.