गोरेपणाच्या मलमाविषयी

लग्न ठरेपर्यंत गोरेपणाचे मलम लावायला काय हरकत आहे, असे एका ताईंनी विचारले आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीकडेही मेडिकलमधून परस्पर आणल्या जाणाऱ्या अशा काही मलमांत स्टेरॉइड (सूज-लाली दाबणारे औषध), हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारे औषध) आणि ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वाच्या जातीचे औषध) एकत्र असते; सुरुवातीला चेहरा उजळतो खरा, पण महिनोन्महिने लावत राहिल्यास त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबवताच आग व लाली वाढते. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’मध्ये घातली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ताई, तुम्ही ते आधीपासून लावत असाल, तर पुढे काय करायचे हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच ठरवा.

रंग मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे ठरतो, त्यात मुलीचा काय दोष? ‘मुलगी सावळी आहे’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना घरातल्या मोठ्यांनी तिच्यासमोरच थांबवावे, असे मला अगदी मनापासून वाटते. चेहऱ्याची निगा मात्र जरूर घ्या: आपल्याकडच्या कोरड्या थंडीत अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे, आणि शेतात किंवा दुचाकीवरून जाताना किमान ३० एसपीएफचे (एसपीएफ म्हणजे उन्हापासून संरक्षण किती ते सांगणारा आकडा) सनस्क्रीन लावून ते दर दोन तासांनी पुन्हा लावावे.