वाचता येतं, पण अर्थ कळतोय का?

तीन वर्षांचं मूल दिसेल ते वाचतं पण नीट बोलत नाही, तर कौतुक करायचं की काळजी, असं तुम्ही विचारलंय. दोन्ही करा. हायपरलेक्सिया ही संज्ञा १९६७ साली नॉर्मन आणि मार्गारेट सिल्बरबर्ग यांनी मांडली: शब्द ओळखणं वयाच्या कितीतरी पुढे, अर्थाची समज मात्र मागे. लवकर वाचणारं प्रत्येक मूल असं नसतं, आणि हायपरलेक्सिया म्हणजे ऑटिझमच असंही नाही.

घरी एक पाहा. ‘उंदीर टोपी शोधत होता’ हे मूल घडाघडा वाचेल. ‘काय शोधत होता?’ विचारलं की उत्तराऐवजी प्रश्नच परत म्हणत असेल, तर नेमकं तिथे अडतंय.

‘अक्षरं लपवा म्हणजे बोलेल’ हा सल्ला मला फार खुपतो. कृपया तसं करू नका! अक्षरं हीच त्याची भाषेकडे जायची वाट आहे. ‘आधी बूट, मग बाग’ अशी चिठ्ठी दाखवा. ‘मला मदत हवी’ हे कार्ड हाताशी ठेवा. स्पीच थेरपिस्टना वाचनाबद्दल आवर्जून सांगा, आणि कानांची तपासणी राहिली असेल तर तीही करून घ्या.