मदत हवी आहे: आईसाठी स्विस घड्याळ, पट्टा चामड्याचा की स्टीलचा?

आई मे महिन्यात शाळेतून निवृत्त होतेय. आम्ही तिघी बहिणी वर्गणी काढून तिला स्विस क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं, घड्याळ घेणार आहोत. लाँजिनचं ‘ला ग्रांद क्लासिक’ मनात भरलंय. चपटं, रोमन आकडे, दोनच काटे. ऑटोमॅटिक नकोच, ते हातात नसलं की बंद पडतं; आई लग्नकार्यालाच घालणार, मग दर वेळी वेळ लावत कोण बसणार?

अडचण अशी की आम्ही रत्नागिरीचे. पावसाळ्यात कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, मग चामड्याचा पट्टा टिकेल का? स्टीलचा घ्यावा, तर तिचं मनगट अगदी बारीक. कड्या किती काढता येतात?

दुसरं, पाण्यापासून संरक्षण ‘३० मीटर’ लिहिलेलं असलं, तरी त्याचा अर्थ फक्त शिंतोडे चालतात, हे मला माहीत आहे. आईला कोण सांगणार? जुन्या घड्याळासकट कणीक मळायची. काचेखाली धुकं साचलेलं, तरी पदराने वरून पुसत राहायची! त्याचं झाकण सेल बदलताना एका दुकानदाराने सुरीने उचकटलं, तो ओरखडा अजून आहे.

तर सेल बदलताना पाणी अडवणारी आतली रबरी रिंगही तपासून घेण्यासाठी कोल्हापूर-पुण्यापर्यंत जावंच लागतं का? आणि सेकंदकाटाच नसेल, तर सेल संपत आलाय हे कळतं कसं? वापरणाऱ्यांनी सांगा प्लीज.